वारा पडल्यावर

दुपारी मधेच वारा पडला. सकाळपासून तो डोंगराच्या अंगाने, पूर्वेकडून येत होता. वादळ समुद्रातून येणार म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी पश्चिमेच्या खिडक्या सुतळीने आवळून ठेवल्या होत्या, आणि उडत होती ती मागच्या पडवीची कौलं. मग एकाएकी सगळं थांबलं. पाऊस भुरभुरण्यावर आला, ढगांतून पिवळट उजेड उतरला. माजघरात भिंतीला टेकून बसलेले आम्ही नऊ जण एकमेकांकडे बघायला लागलो. दादा उठला, त्याने पुढच्या दाराच्या अडसराला हात घातला. "गोठ्यात बघून येतो," म्हणाला.

"बस खाली," आप्पा म्हणाले. "अजून उलटा यायचाय."

आप्पा माझे थोरले काका, तेव्हा 74 वर्षांचे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ नैऋत्येकडून चालून येतं तेव्हा त्याची पुढची बाजू आधी अंगावर येते, आणि तिथला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मधला भाग डोक्यावरून सरकतो तेव्हा ही अशी शांतता. त्यामागून दुसरी बाजू येते, ती समुद्राचा वारा घेऊन. मी हे नंतर नकाशे बघून समजून घेतलं. आप्पांनी ते नकाशे बघितले नव्हते. आदल्या रात्रभर रेडिओ कानाला लावून ऐकलेलं आणि लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं त्यांनी एकत्र जोडलं असावं. दादाने अडसर सोडला आणि तो परत भिंतीशी येऊन बसला. त्यानंतर जो वारा आला त्याने सकाळभर पश्चिमेकडे वाकलेल्या पोफळी पूर्वेकडे फिरवल्या आणि मधोमध मोडल्या. तो आवाज आम्ही बसल्या जागी मोजत होतो. मोजणं कधी सोडलं ते आठवत नाही.

तारीख 3 जून 2020. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाने ते जमिनीवर आलं. निसर्ग हे त्याचं नाव बांगलादेशाने सुचवलेलं, 13 देशांनी मिळून केलेल्या 169 नावांच्या नव्या यादीतलं अगदी पहिलं. मी टाळेबंदी लागण्याच्या चार दिवस आधी मुंबईहून मुलाला घेऊन माहेरी आले होते आणि तिथेच अडकले होते, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. नाहीतर मी ते बातम्यांत बघितलं असतं आणि दुसऱ्या दिवशी "सगळे सुखरूप आहेत ना?" असा फोन लावत बसले असते. लागला नसताच तो.

पण त्या दुपारबद्दल मला फार सांगायचं नाही. वादळ चालू असताना माणसाच्या हातात थोडंच असतं. मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. संकट निघून गेलं असं ज्याला आपण म्हणतो, त्या दिवसांत आमच्या घरातल्या माणसांना जितकं जपावं लागलं तितकं त्या दुपारी लागलं नव्हतं.

आपण आपल्या घरात डोळ्यांनी फार कमी वावरतो. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना दोन बोटं उंच उंबरा आहे हे पायाला ठाऊक असतं. रात्री उठलं की बटण कुठे आहे हे हाताला ठाऊक असतं. विहिरीकडे जाणारी वाट, तिच्यातला सैल चिरा, परसदारी खाली आलेला वासा, सगळं अंगात मुरलेलं. घर आपलं असतं म्हणजे बहुतेक हेच असतं. वादळाने कौलं नेली, झाडं नेली, पण खरं म्हणजे त्याने हे ठाऊक असणं नेलं आणि ते गेल्याचं आम्हाला कळायला वेळ लागला. पाय जुन्याच घरात चालत होते.

पहिल्याच संध्याकाळी अंगणात तार पडलेली दिसली. खांब आडवा होऊन गोठ्याच्या भिंतीवर टेकला होता आणि तार तुळशीपासून पाणंदीपर्यंत चिखलात लोळत होती. दादाने ती बाजूला सारायला काठी उचलली. लाइट सकाळपासून गेलेत, तिच्यात काय असणार, हा त्याचा हिशेब सरळ होता. वहिनी ओटीवरून ओरडली. तिचे वडील वायरमन होते, जन्मभर खांबांवर चढलेले. "अहो, हात नका लावू! ती पडलीय म्हणजे मेलीय असं नाही." कुणीतरी आपल्या घरी जनरेटर लावतो, तो सरळ घरातल्या प्लगमध्ये जोडतो, मेन स्विच बंद करायचा राहून जातो. मग तीच वीज उलटी तारेवर चढते, डीपीत पोहोचते, आणि जो डीपी एरवी 11 हजार व्होल्टांचे घरापुरते करून देतो तोच उलट्या बाजूने घरापुरत्याचे हजारो करतो. मैलभर लांबच्या गावात खांब दुरुस्त करणारा माणूस त्याने जातो. वहिनीने तारेच्या दोन्ही अंगांना काठ्या रोवल्या आणि त्यांना आपली लाल ओढणी बांधली. आत येऊन मेन स्विच खाली ओढला. तो 38 दिवस खालीच होता, आणि ती ओढणी पावसाने गुलाबी होईपर्यंत अंगणात होती.

त्याच संध्याकाळी कौलांवरून भांडण झालं. शाकारणी होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. टाळेबंदीत माणसं मिळत नव्हती म्हणून दादाने शेजारच्या दोघांना घेऊन स्वतः केलेली. आता माजघराच्या अर्ध्या छपरातून आभाळ दिसत होतं आणि पाऊस थेट आत. घमेली, पराती, पातेली, मुलांची आंघोळीची बादली, जे हाताला लागेल ते खाली लावून झालं. आठ महिन्यांचा भाचा प्रत्येक थेंबाच्या आवाजाकडे मान वळवत होता. दादाचं म्हणणं, अंधार पडण्याआधी वर चढून प्लास्टिक टाकू. काकू शिडीपुढे उभी राहिली. "आज कोणी वर चढायचं नाही. घर भिजलं तर वाळेल." ती एरवी दादापुढे आवाज चढवत नाही. पण ओली कौलं, त्यांच्यावरची शेवाळ, खाली आढं तडकलंय का वासे निसटलेत ते कुणी बघितलेलं नाही, आणि उजेड उतरत चाललेला. दादा रागाने मागच्या पडवीत जाऊन बसला. रात्री उशिरा तोच उठला आणि त्याने ताडपत्री आतल्या बाजूने, वाशांना दोऱ्यांनी बांधून घेतली. पाणी तिच्या झोळीत साठायचं आणि आम्ही पाळीपाळीने ते काठीने ढकलून एका कडेला काढायचो. कौलावर दादा सहाव्या दिवशी चढला. दोन दिवस उघडीप मिळाल्यावर, कमरेला दोर बांधून, खाली दोन माणसं उभी करून.

काकूने तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी नंतरही बऱ्याचदा मनात घोळवली आहे. ती म्हणाली, "आज तू पडलास तर तुला न्यायचं कुठून?"

एरवी हात मोडला तर गाडी काढून अर्ध्या तासात दवाखाना. साप चावला तरी वेळेत पोहोचलं तर लस आहे. त्या आठवड्यात आमच्या गावापासून मुख्य रस्त्यापर्यंत किती आंबे, वड, सुरू आडवे पडले होते त्याची गणती नव्हती. फोन मुका होता. म्हणजे कालपर्यंत जी साधी दुखापत होती ती आज जिवावरची होती, दुखापत मात्र तीच. घरातल्या प्रत्येक कामाची किंमत रातोरात बदलली होती. विळीवर बसताना, ओल्या पायरीवर पाय टाकताना, काकू स्वतःशी पुटपुटायची. ती काय पुटपुटते ते मी एकदा कान देऊन ऐकलं. "सावकाश, सावकाश" एवढंच होतं.

शेजारच्यांचं घर दुपारच्या वाऱ्यात टिकलं होतं. मातीत बसवलेल्या चिऱ्यांच्या भिंती, छप्पर मात्र पार गेलेलं. "भिंती शाबूत आहेत, देवाची कृपा," असं आम्ही सगळेच म्हणालो. आप्पांनी त्यांना झोपायला आमच्याकडे बोलावलं, ते यायला तयार नव्हते. साथीचे दिवस, एकमेकांच्या घरात जायचं नाही असा तीन महिन्यांचा धाक. शेवटी तोंडाला रुमाल बांधून ओटीवर एका बाजूला निजायचं ठरलं. पाचव्या रात्री त्यांची मागची भिंत बसली. वारा नव्हता, पाऊसही विशेष नव्हता. उघड्या माथ्यावरून पाच दिवस पाणी पिऊन मातीने चिरे सोडून दिले. सकाळी बघितलं तर जिथे रोज त्यांच्या म्हातारीचं अंथरूण असतं तिथे कमरेएवढा ढीग होता. साथीचा नियम आणि भिंतीचा नियम यांत कोणता आधी पाळायचा हे आप्पांनी बरोबर ठरवलं होतं. पण ते कुठल्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

विहिरीबद्दल थोडक्यात. वाडीतल्या विहिरीत पोफळींचे शेंडे, कौलांचे तुकडे, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा आणि पाणंदीतून वाहत आलेलं सगळं पाणी गेलं होतं. पंप चालणार नाही, रहाट माझ्या लहानपणीच काढलेला. कप्पी बांधून दोराने पाणी शेंदलं, आधी गाळ उपसला, मग ग्रामपंचायतीच्या माणसाने येऊन टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं. वास आला तरी तेवढ्याने भागत नाही, ते मिसळून किमान अर्धा तास जावा लागतो. आम्ही पिण्याचं पाणी त्यावरही उकळत होतो. सरपण सगळं भिजलेलं, एक सिलिंडर शिल्लक. पाण्यासाठी गॅस आणि भातासाठी धुराची चूल अशी वाटणी झाली.

आता ज्या गोष्टीची आठवण मला अजून झोपू देत नाही ती सांगते.

दहाव्या-अकराव्या दिवशी रस्ता थोडा मोकळा झाला आणि टेम्पोत जनरेटर घालून एक जण गावोगाव फिरायला लागला. तो पंप जोडून टाकी भरून द्यायचा, मोबाइल चार्ज करून द्यायचा. आम्हाला तो देवासारखा वाटला. आमच्या घरी आला तेव्हा पावसाची सर आली, म्हणून जनरेटर उचलून मागच्या पडवीत ठेवला. "बाहेर पडवीत ठेवा," असं मीच म्हणाले. आपल्या भाषेत पडवी बाहेरच असते. पण त्या पडवीवर आता दादाने नवे पत्रे ठोकले होते, पावसाच्या बाजूला ताडपत्री लावली होती, आणि वहिनी ज्या खोलीत बाळाला घेऊन झोपली होती त्या खोलीची खिडकी तिथेच उघडत होती. यंत्र तासभर चाललं असेल. घरघर ऐकून मुलं खूश होती. टाकीत पाणी पडल्याचा आवाज कितीतरी दिवसांनी येत होता.

वहिनी उठून बाहेर आली ती कपाळ धरून. "डोकं फुटतंय, मळमळतंय," म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. काकूने आत धाव घेतली आणि बाळाला उचलून पुढच्या अंगणात, पावसात नेलं. बाळ डोळे उघडत नव्हतं. काकूने त्याच्या तोंडावर पाऊस पडू दिला, गालांवर टिचक्या मारल्या. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग ते रडलं.

मी मुंबईत महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, त्याला वास नाही, रंग नाही, रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200हून अधिक पटींनी घट्ट धरतं, म्हणून थोड्या वायूनेही माणूस गुदमरतो आणि गुदमरतोय हे त्याला कळत नाही: हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. जनरेटर घरापासून लांब, मोकळ्या हवेत, खिडक्या-दारांपासून दूरच ठेवायचा असतो, हे मला माहीत होतं. पण ते प्रयोगशाळेतलं माहीत असणं होतं. आमच्या पडवीत, जिथे मी लहानपणी बेडे सोलायला बसायचे, तिथे काही विषारी असू शकतं हे माझ्या मनाने धरलंच नाही. काकूला वायूचं नाव ठाऊक नव्हतं. तिने फक्त एवढं बघितलं की वहिनी त्या खोलीतून आली आणि बाळ त्या खोलीत आहे.

त्या दिवसानंतर आम्ही घर परकं मानायला शिकलो. दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा गेलेला माणूस कसा बघून पाऊल टाकतो, विचारून दार उघडतो, तसं. अंथरुणाशेजारी चपला ठेवायच्या आणि पाय खाली टेकण्याआधी त्या झटकायच्या, कारण फुटलेल्या कौलांच्या ढिगात फुरशी निघत होती आणि खिळे तर सगळीकडे होते. कंदील खुंटीलाच, जमिनीवर चिमणी ठेवायची नाही. मुलांनी वाडीत जायचं नाही. मोठ्यांनी जायचं तर दोघांनी. हे शेवटचं वाडीसाठी फार महत्त्वाचं होतं. पडलेली पोफळ नुसती पडलेली नसते. ती दुसरीवर वाकलेली, तिसरीने दाबलेली, ताणलेल्या धनुष्यासारखी असते. कोयता घातला की ती कुठे उसळेल ते सांगता येत नाही. वर माडांत अडकलेल्या झावळ्या आणि तुटके शेंडे आठवडाभराने, वारा नसतानाही खाली येतात.

दोघांनी जायचं हा नियम आप्पांनी घातला होता, आणि तो त्यांनीच मोडला.

चौदाव्या दिवशी पहाटे ते अंथरुणात नव्हते. दादाला आणि मला ते वाडीच्या पार टोकाला सापडले, एका आडव्या माडावर बसलेले, अनवाणी. डाव्या पावलाला पत्र्याने खोल कापलं होतं आणि ते त्यांच्या लक्षातच नव्हतं. आम्हाला बघून म्हणाले, "ही ओळ माझ्या लग्नाच्या वर्षी लावली." रोठा सुपारीसाठी श्रीवर्धनचं नाव आहे. पोफळ लावली की पीक हाती यायला सात-आठ वर्षं जातात, माडाचंही तसंच. 74व्या वर्षी माणूस तो हिशेब करतो. पायापुढे बघून चालायचं भान त्या हिशेबात उरत नाही.

आम्हाला वाटत होतं की आप्पा सगळ्यांना सांभाळताहेत. त्यांना कोण सांभाळतंय हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. तारांना, भिंतींना, पाण्याला आम्ही जपलं होतं, पण रोज संध्याकाळी ओटीवर बसून वाडीकडे बघणाऱ्या त्या माणसाजवळ जाऊन बसावं, हे घर सुरक्षित ठेवण्यातलंच काम आहे, असं वाटलं नाही. दादाने त्यांना मोटरसायकलवर मधे बसवलं, शेजारच्या मुलाने मागून धरलं, आणि दोन ठिकाणी गाडी ओंडक्यांवरून उचलून नेत त्यांनी दवाखाना गाठला. सात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. त्या दिवसापासून काकू रोज संध्याकाळी हातातलं काम टाकून त्यांच्याशेजारी ओटीवर बसायला लागली. बोलायचे नाहीत फार. कधी ती विचारायची, "अहो, जायफळाचं ते झाड उभं आहे ना?" आणि ते म्हणायचे, "आहे."

38व्या दिवशी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, गावात लाइट आले. पाणंदीपलीकडून मुलांचा गलका ऐकू आला, घराघरांतून दिवे दिसायला लागले. वहिनीने मेन स्विचला हात लावू दिला नाही. भिंती ओल्या आहेत, बोर्डात पाणी गेलेलं असणार. दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन एकेक सर्किट तपासून गेला, स्वयंपाकघरातला एक बोर्ड त्याने काढूनच टाकला, आणि मग माजघरातला दिवा लागला. त्या उजेडात भिंतींवरचे पाण्याचे ओघळ आम्ही पहिल्यांदा नीट बघितले.

मी ऑगस्टमध्ये मुंबईला परतले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकायला लागलं तेव्हा मी योगायोगाने पुन्हा गावी होते. ते जमिनीवर आलं गुजरातेत, 17 मेच्या रात्री, पण आदल्या रात्रीपासून आमच्याकडे वारा होताच. मेन स्विच वहिनीने संध्याकाळीच खाली ओढला होता. भांडी भरून ठेवलेली होती. वर्षभरात आप्पांनी वाडीत पोफळीची तीनशे रोपं लावली होती. माडांची सावली गेल्यामुळे ऊन खाऊन त्यांतली बरीचशी करपलेली, उरलेल्यांना केळींचा आडोसा केलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा पडला. दादा उठला नाही. कुणीच उठलं नाही. आप्पांनी खिडकीच्या फटीतून वाडीच्या बाजूला मान वळवली, आणि काकूने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तासभर आम्ही तसेच भिंतीशी बसून होतो. मग ती उठली, कोपऱ्यातून त्यांच्या चपला आणल्या, दारात उलट्या करून झटकल्या आणि त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"चला," म्हणाली, "दोघं जाऊन बघून येऊ."